उजव्या मनगटावरचा डाग

१

घराला कुलूप लावलं, की बंद दाराला ‘येते रे, जपून राहा’ असं सांगायची लेकीला सवय होती. ही सवय मूळची आईची. आईला ती का लागली, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. लेकीच्या आधी आईला एक मुलगा होता. तो सात वर्षांचा असताना तापानं गेला. तेव्हापासून आई कधी रिकामं घर मागे टाकून निघाली नाही. आत कुणीतरी राहिलंय अशा बेतानंच ती किल्ली फिरवायची. लेक तेव्हा अगदी लहान होती. दादाचं तिला आठवायचं ते एवढंच, की त्याचे कान मोठे होते आणि तो तिला पाठुंगळी घेऊन घरभर उधळायचा.

पुढे लेक परदेशात आली, कपडे दुरुस्त करण्याच्या एका दुकानात चिकटली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांना कुलूप लावताना तेच शब्द म्हणायला लागली. दादानं ज्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्या घराची राखणही बिचाऱ्याच्याच गळ्यात पडली. दुकानात ती विजारी आखूड करायची, कोटांच्या बाह्या उसवायची. माणूस दारातून आत आला, की त्याचा कुठला खांदा उतरलाय हे तिला टेप न लावता कळायचं. डाव्या-उजव्यात तिची कधी गफलत झाली नव्हती. म्हणूनच मुलाखतीत झाली ती तिला फार लागली.

आईला कायमचं आपल्याकडे आणायचं, तर त्या देशाचा रस्ता लांबचा होता. आधी अर्ज, मग दोघींच्या वेगवेगळ्या मुलाखती, मग प्रवेशाचा शिक्का, आणि आई येऊन राहिली की काही महिन्यांनी घरी तपासणी. ती पार पडली तरच पक्का परवाना. मुलाखतीत दोघींची उत्तरं जुळली नाहीत, तर अर्ज बाद, आणि एकदा बाद झालेला अर्ज पुन्हा करायची सोय नाही. आई तिकडे एकटी होती, थकत चालली होती. लेकीला दुसरं काही नको होतं.

“खरं काय ते नंतर बघू,” अर्जाचं काम बघणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या. “आधी एकसारखं काय, ते ठरवू.”

मग ठरवलं. आईचे गुडघे दुखत नाहीत. आई चहात साखर घेत नाही. खरं तर आईच्या कपात चहा कमी आणि साखरच जास्त असायची, पण तब्येत ठणठणीत दिसायला हवी ना! लेकीला घरी ‘बाळ’ म्हणतात. ‘ठमे’ नको, नाहीतर ही ठमी कोण, हे साहेबाला समजावत बसावं लागेल. इथवर सगळं हसण्यावारी गेलं. मग वकीलबाईंनी दादाचं विचारलं.

“मुलगा होता म्हणालात, की तो कुठे आहे ते विचारणार. गेला म्हणालात, की दाखला मागणार. तो तुमच्याकडे नाही. म्हणजे त्यांच्या लेखी तो कुठेतरी जिवंत. सांभाळणारा मुलगा असताना आईनं तुमच्याकडे कशाला यायचं? त्यापेक्षा मूल एकच. विषय संपला.”

हे लेकीनं आईला फोनवर सांगितलं.

“एकदाच म्हणायचं ना?” आईनं विचारलं.

“एकदाच, आई.”

लेकीची मुलाखत छान चालली होती. मग साहेबांनी विचारलं, आईच्या अंगावर ओळखीची काही खूण? लेक म्हणाली, “आहे. उजव्या मनगटावर चटक्याचा डाग.” बाहेर जिन्यात आल्यावर तिला चूक कळली. डाग डाव्या मनगटावर होता. लहानपणी तिनंच उकळती किटली ओढली होती आणि आईनं हात मध्ये घातला होता. तो हात तिनं जन्मभर समोर बसून पाहिला, आणि घोळ झाला तो तिथेच. तिनं तिथूनच वकीलबाईंना फोन लावला.

“आता बदलू नका,” वकीलबाई म्हणाल्या. “उद्या आईंची आहे ना? त्यांनाही उजवाच सांगू दे.”

आईनं सांगितलं. “हात दाखवा म्हणाले नाहीत, नशीब माझं,” असं फोनवर म्हणाली आणि हुंदके देऊन रडली. ते रडणं हातासाठी नव्हतं, हे लेकीला कळलं. तिनं विषय बदलला.

२

मंजुरी आली, आणि आईच्या विमानाची तारीखही. त्या आठवड्यात आईचा फोन लागत नव्हता. तिच्या घरी हे नेहमीचंच होतं, त्यामुळे लेकीनं मनावर घेतलं नाही. ती विमानतळावर गेली, काचेच्या दारापाशी टाचा उंचावून उभी राहिली, आणि गर्दीतून आई येताना दिसली तेव्हा तिच्या जिवात जीव आला. तोच चेहरा, तोच करड्या केसांचा अंबाडा, चालताना पायाखाली जपून पाहायची तीच रीत. आईनं तिला जवळ घेतलं. अंगाला वासही आईचाच होता.

“बाळ,” आई म्हणाली, “वाळलीस गं.”

लेक हसली. “अगं, झाली ती मुलाखत. आता ठमे म्हण.”

आईही हसली, पण तसं काही म्हणाली नाही.

इमारतीला लिफ्ट नव्हती. आईचे गुडघे सांभाळत तिला वर कसं न्यायचं, या विचारानं लेकीनं प्रत्येक मजल्यावर बसायला एकेक स्टूल ठेवून घेतलं होतं, शेजाऱ्यांची परवानगी काढून. आई बोलत बोलत तीन मजले चढली. तिला धापही लागली नाही. स्टुलांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

वर गेल्यावर लेकीनं चहा केला, कपात चांगली घसघशीत साखर घातली. आईनं एक घोट घेतला आणि कप हळूच बाजूला ठेवला.

“मी साखर घेत नाही ना, बाळ,” ती म्हणाली.

३

लेकीनं स्वतःची समजूत घातली. माणसं बदलतात. म्हातारपणी कुणी देवधर्माला लागतं, कुणी साखर सोडतं. गुडघ्यांना तिकडे एखादं चांगलं औषध मिळालं असेल. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे?

पण कोटाचं काय करायचं?

थंडी होती म्हणून लेकीनं आईसाठी लोकरी कोट शिवून ठेवला होता. आईचा डावा खांदा उतरलेला, जन्मभर त्या हातानं पाण्याच्या बादल्या उचलून. लेकीनं कोटाला डावीकडून बोटभर उतार दिला होता, आतून पातळ गादी लावली होती. असं काम दुकानातल्या मालकिणीलाही जमलं नसतं, असं ती स्वतःशीच म्हणाली होती. आईनं कोट घातला आणि डावीकडे त्याला फुगा आला. लेकीनं ओढून पाहिलं, चिमटून पाहिलं. मग मागे सरून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. आईचे दोन्ही खांदे अगदी एका रेषेत होते.

“चांगला झालाय की,” आई आरशात पाहत म्हणाली.

“हो,” लेक म्हणाली. तिच्या तोंडातल्या टाचण्या तशाच राहिल्या होत्या.

दोघी फिरायला निघाल्या. किल्ली आईनंच घेतली, दार ओढलं, कुलूप लावलं आणि जिना उतरायला लागली. लेक दारापाशीच थबकली. आई काहीच म्हणाली नव्हती. लेकीच्या आठवणीत असं एकदाही झालं नव्हतं. मामाच्या मयताला धावत निघाली होती तेव्हासुद्धा आईनं दाराला ते शब्द सांगितले होते. लेकीनं मग स्वतःच हळू आवाजात ‘येते रे, जपून राहा’ म्हटलं आणि आईच्या मागे गेली. उतरताना आईनं कठड्यावर हात ठेवला होता. बाही वर सरकली होती. मनगटावर तो लांबट, चुरगळलेल्या कागदासारखा डाग होता. हात उजवा होता.

४

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम. स्मरणशक्ती तर तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली आहे.

ते खोटं नव्हतं. मुलाखतीत विचारलेलं सगळं आईला पाठ होतं. लेकीचा जन्म कुठल्या दवाखान्यात झाला, शाळेचा रस्ता कुठून जायचा, तिला लहानपणी कशाची भीती वाटायची. त्यापलीकडचं काही विचारलं, की ती गोड हसायची आणि लेकीच्या केसांवरून हात फिरवायची. हातही मऊ होता. ती लेकीची वाट पाहायची, तिच्या पायांना तेल लावून द्यायची, ती खोकली तर काळजीनं उठून बसायची. हिच्याबद्दल वाईट बोलायला लेकीची जीभ रेटत नसे. खरं तर भीती त्याचीच जास्त वाटायची.

एका सुट्टीच्या दिवशी कपड्यांच्या घड्या करताना लेकीनं मनाचा हिय्या केला.

“आई, दादाचा फोटो आणला नाहीस?”

“कुणाचा?”

“दादाचा.”

आईनं हातातली चादर खाली ठेवली. ती आठवायचा खरोखर प्रयत्न करत होती, तिच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आपलं काहीतरी चुकतंय हे कळलं पण काय ते कळलं नाही, अशा माणसाचं येतं तसं.

“बाळ, मला तू एकटीच गं,” ती म्हणाली.

लेकीनं खाली ठेवलेली चादर उचलून तिची घडी पुरी केली. हेच तर वकीलबाईंनी ठरवून दिलं होतं.

५

फोन आला तो भर दुपारी, दुकानात. मशिनं खडखडत होती, इस्त्रीची वाफ सुटली होती, एक गिऱ्हाईक विजार घालून आरशासमोर उभं होतं. लेकीनं पडद्यावर नंबर पाहिला. आईचा जुना नंबर. आईनं तर येताना फोन आणलाच नव्हता, आता कशाला हवाय म्हणाली होती. लेक मागच्या कपड्यांच्या रांगेत शिरली आणि फोन कानाला लावला.

“ठमे! अगं, मेलीस की काय! तुझा फोनच नाही. माझा कागद आला का?”

लेकीनं लटकत्या कोटाची बाही घट्ट धरली.

“आई? कुठून बोलतेस तू?”

“घरातून, आणखी कुठून? बॅग भरून केव्हाची बसलेय. गुडघे नुसते लाकूड झालेत. बरं, ते सोड. दादाचा फोटो कपड्यांत घालू, की हातात ठेवू? कपड्यांत काच फुटेल म्हणते मी.”

“आई,” लेक म्हणाली, “तुझ्या हातावरचा डाग. कुठल्या हाताला आहे?”

“असं काय करतेस? डाव्या. तूच तर किटली ओढलीस, भवाने.” पलीकडे ती क्षणभर थांबली. “का गं? परत मुलाखत आहे का? मग उजवा म्हणेन हो. तू काळजी करू नको.”

लाइन खरखरली आणि तुटली. लेकीनं पुन्हा पुन्हा फोन लावला, पण नुसती शांतता. मग तिनं तिकडच्या शेजारच्या मावशींना लावला. या मावशी आईच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या, आणि घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असायची.

“अगं, तुझी आई तर केव्हाच गेली तुझ्याकडे!” मावशी म्हणाल्या. “मीच निरोप दिला. एक मात्र मनाला लागलं, जाताना मागे वळून पाहिलं नाही तिनं. घर बंद आहे. मालकानं सामान हलवलंय.”

“आत कुणी आहे का, मावशी?”

“आत कोण असणार? अधूनमधून खुडबुड ऐकू येते. उंदीर झाले असतील.”

६

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. याचंच लेकीला पुढे आश्चर्य वाटत राहिलं.

“तुमची आई आली,” त्या म्हणाल्या. “शिक्का पडला. एका आईला दोनदा आणता येत नाही.”

“पण ही ती नाही!”

“असं तुम्ही कुणाला सांगणार? ही ती नाही म्हणालात, की तुम्ही परकी बाई आई म्हणून आणली, असं होतं. मग तुमचा परवाना जाईल, यांना परत पाठवतील. आणि तिकडे कुणी असतीलच, तर त्यांचा अर्ज कायमचा बंद.”

“यांना परत पाठवतील म्हणजे कुठे पाठवतील?”

वकीलबाईंनी टेबलावरचं पेन सरळ केलं. “ते मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात विचारलं, “या बऱ्या वागतात ना तुमच्याशी?”

“हो.”

“मग झालं तर.”

लेक खाली रस्त्यावर आली. माणसं नेहमीसारखी चालली होती. तिला कुणाची तरी बाही धरून विचारावंसं वाटलं, पण काय विचारायचं तेच सुचेना. शेवटी ती दुकानात गेली आणि उरलेल्या विजारी आखूड केल्या.

७

मावशींच्या हातापाया पडून लेकीनं त्यांना एकदा किल्ली घेऊन आत जायला लावलं, फोनचा कॅमेरा चालू ठेवून. मावशी कुरकुरल्या, पण गेल्या.

दार उघडलं. सकाळचं ऊन जमिनीवर पडलं होतं. खोली रिकामी झाली होती. कपाट गेलं होतं, त्याच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन राहिला होता. मावशींनी फोन सावकाश फिरवला. ओटा, मोरी, खिडकीची खुंटी.

“बघ बाई नीट. चिटपाखरू नाही.”

फोन कोपऱ्यावरून गेला तेव्हा लेकीला दिसलं. भरलेल्या बॅगेवर आई बसली होती. प्रवासासाठी राखून ठेवलेला स्वेटर अंगात, डावा खांदा उतरलेला, मांडीवर फोटो पालथा. ती सगळी फिकट झाली होती, भिंतीवरच्या त्या चौकोनासारखी. पण तिनं वर पाहिलं. तिनं मावशींकडे पाहिलं, मग फोनकडे, आणि तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. लेकीला तो शब्द ओठांवरूनच कळला. त्या नावानं तिला दुसरं कुणी हाक मारत नव्हतं.

“मावशी, थांबा! कोपऱ्यात बघा!”

फोन परत फिरला. कोपऱ्यात ऊन होतं.

“नाही गं काही. तुझ्या मनाचे खेळ आहेत. चल, दूध आणायचंय मला.” मावशींनी दार ओढून घेतलं. कुलपाचा खटका लेकीला स्पष्ट ऐकू आला. बाहेर पडताना मावशी आतल्या माणसाला काही म्हणाल्या नाहीत. त्या तरी का म्हणतील?

८

तपासणीला एक बाई आल्या. बोलायला अगदी चांगल्या, बूट दाराबाहेर काढून आत आलेल्या. त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, दोन बिछाने पाहिले, न्हाणीघरातले दोन ब्रश पाहिले. मग तिघी टेबलाशी बसल्या. आईनं टेबलाखाली लेकीचा हात धरला होता. 

सकाळीच ती म्हणाली होती, “बाळ, त्यांनी मला परत जा म्हटलं, तर मी कुठे जाऊ? मला तो रस्ताच आठवत नाही गं.” लेकीला तिचा राग यायला हवा होता. आली ती दया.

“मनगट दाखवता?” तपासणीच्या बाई म्हणाल्या.

आईनं उजवा हात पुढे केला. बाईंनी मान हलवली.

तेवढ्यात टेबलावरचा लेकीचा फोन थरथरायला लागला. पडद्यावर आईचा जुना नंबर. फोन थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकत होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

“घ्यायचा असेल तर घ्या.”

“नाही, नको,” लेक म्हणाली.

“मग दोनच प्रश्न. या तुमच्या आई आहेत?”

तिला खरं बोलायचं होतं. खरं बोलून कोण वाचणार होतं, हे ती गेले कित्येक दिवस शोधत होती. ही इथून जाईल. ती तिथून येणार नाही. आपण दोघींनाही घालवून बसू. टेबलाखालच्या हातानं तिची बोटं आणखी घट्ट धरली, आणि तो खरोखरच्या माणसाचा हात होता.

“हो,” लेक म्हणाली.

“यांना आणखी मुलं? तुम्हाला भाऊ-बहीण?”

फोन अजून थरथरत होता. एकदाच म्हणायचं ना, असं आईनं विचारलं होतं, आणि तिनं हो म्हटलं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “मी एकटीच.”

फोन थांबला.

बाईंनी हसून दोघींचं अभिनंदन केलं. आई रडायला लागली. लेकही रडली, आणि बाईंना ते साहजिकच वाटलं. त्या गेल्यावर लेकीनं तो नंबर लावला. असा नंबर अस्तित्वात नाही, असं एका शांत आवाजानं तिला सांगितलं.

९

पक्का परवाना आला त्या दिवशी आईनंच बाहेर जाऊ या म्हटलं. उन्हं चांगली पडली होती. कोट आता तिला नीट बसत होता. लेकीनं डावीकडचा उतार उसवून काढला होता, आतली गादीही. मशिनीवर ते काम करताना हा उतार आपण कशासाठी दिला होता, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. दोरा संपला म्हणून ती उठली, आणि तो विचार तिथेच राहिला.

दोघी दाराबाहेर आल्या. लेकीनं दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली फिरवली. तिचे ओठ आपोआप हलले.

“येते रे,” ती दाराला म्हणाली, “जपून राहा.”

“कुणाला म्हणतेस गं, बाळ?” आईनं कौतुकानं विचारलं.

लेक हसून उत्तर द्यायला वळली. नाव अगदी जिभेवर होतं. किल्ली तशीच कुलपात धरून ती उभी राहिली, दाराकडे पाहत. आत कुणीतरी होतं, एवढं तिला नक्की ठाऊक होतं. कोण, ते मात्र काही केल्या आठवेना.

“चल, बाळ,” आई म्हणाली, आणि उजव्या हातानं तिचा हात धरून तिला जिन्याकडे घेऊन गेली.